मुदतीचे रहिवासी

परदेशांत गेलेल्या माणसांचे दोन वर्ग सर्वांस ठाऊक आहेत. एक प्रवासी आणि दुसरा स्थायिक. प्रवाशाला परतीचा दिवस समोर दिसत असतो, म्हणून तो घाईघाईनें सगळें पाहून घेतो; स्थायिकाला परतावयाचेंच नसतें, म्हणून तो कांहींच पाहत नाहीं. या दोहोंच्या मध्यें एक तिसरा प्राणी असतो, आणि त्याची गणना सहसा कोणी करीत नाहीं. कचेरीच्या कामासाठीं ठराविक मुदतीपुरता धाडलेला नोकर हा तो प्राणी होय. त्याच्या खिशांत घराची चावी असते, पण घर त्याचें नसतें. कोपऱ्यावरचा पाववाला त्याला ओळखतो, पण त्याचें नांव विचारीत नाहीं. सोमवारपासून शनिवारपर्यंत तो रहिवासी असतो आणि रविवारीं प्रवासी होतो. आम्हीं या तिसऱ्या वर्गांत नऊ महिने काढले. गांव होतें पोर्तुगालची राजधानी लिस्बन.

नेमणुकीचा कागद हातीं पडला तेव्हां घरांत आनंदीआनंद झाला. एकटे अण्णा तेवढे बोलले नाहींत. अण्णा म्हणजे आमचे थोरले चुलते. १९५५ च्या १५ ऑगस्टला जे हजारों निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दीवर गेले, त्यांत एकोणीस वर्षांचे अण्णा होते. त्या दिवशीं पोर्तुगीज शिपायांच्या गोळ्यांनीं अनेक जण मरण पावले. अण्णांना गोळी लागली नाहीं. बंदुकीच्या दस्त्याचा घाव उजव्या गुडघ्यावर बसला. तेव्हांपासून पाऊस येणार हें आमच्या घरांत पंचांगाआधीं त्या गुडघ्याला कळतें. लहानपणीं आम्ही त्यांना पायाविषयीं विचारीत असूं, तेव्हां "फिरंग्याची आठवण" एवढेंच ते म्हणत आणि वर्तमानपत्र पुढें ओढीत.

निघण्याच्या आदल्या दिवशीं नमस्कारास गेलों, तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे आतां त्यांचा पगार खाणार तर!" आम्ही निरुत्तर झालों. मग बऱ्याच वेळानें, चष्मा पुशीत, ते पुन्हां म्हणाले, "लिस्बनच्या जवळ काशियश म्हणून किल्ला आहे. आपले मोहन रानडे तिथें होते. जमलें तर बघून ये. छायाचित्र नको काढूंस. नुसतें बघून ये."

मोहन रानडे हें नांव आमच्या पिढीला जेमतेम ठाऊक आहे, आणि पुढच्या पिढीला तेवढेंहि नसावें, म्हणून दोन शब्द लिहितों. ते मूळचे सांगलीचे. खरें नांव मनोहर आपटे. शिक्षक म्हणून गोव्यांत गेले आणि आझाद गोमंतक दलांत शिरले. १९५५ सालीं बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यांत गोळ्या लागून ते पकडले गेले व त्यांस सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढें त्यांना समुद्रापलीकडे पोर्तुगालांत नेऊन ठेवलें. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजीं मुक्त झाला. रानडे मुक्त झाले १९६९ च्या जानेवारींत. ज्या गोष्टीसाठीं माणूस तुरुंगांत गेला ती सिद्धीस गेल्यानंतरहि सात वर्षें तो त्याच तुरुंगांत होता. २०१९ सालीं ते पुण्यास वारले. त्या दिवशीं अण्णा जेवले नव्हते.

असें ओझें घेऊन आम्ही लिस्बनला उतरलों. पण शहरें मोठीं लबाड असतात. त्यांच्याविषयीं आपण जो निश्चय करून जावा, तो तीं पहिल्या आठवड्यांतच मोडतात. आमची खोली ग्रासा नांवाच्या टेंकडीवर चौथ्या मजल्यावर होती. लिस्बन सात टेंकड्यांवर वसलें आहे असें म्हणतात. आमच्या पायांच्या हिशेबानें त्या सतरा तरी असाव्यात. खिडकी उघडली कीं उतरणीवर एकाखालीं एक लाल कौलारू छपरें, दोन खिडक्यांच्या मध्यें दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि सगळ्यांच्या पलीकडे तेजू नदीचें विस्तीर्ण पात्र. नदी समुद्राला मिळण्यापूर्वीं तेथें इतकी रुंदावली आहे कीं तिला नदी म्हणतांना जीभ अडखळते. कौलें पाहून कोंकणची आठवण झाली, आणि आठवण झाली म्हणून स्वतःचा थोडा रागहि आला. फिरंग्याच्या गांवांत पहिल्याच सकाळीं घरच्यासारखें वाटावें, हें आम्हांस शोभत नव्हतें.

या रागाची शिक्षा लगेच झाली. लिस्बनचे पादचारी रस्ते लहान लहान चौकोनी दगडांनीं फरसलेले असतात. पांढरा चुनखडीचा आणि काळा बसाल्टचा. त्यांतून लाटा, फुलें, जहाजें अशी नक्षी काढलेली असते. पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनीं ते दगड गुळगुळीत झाले आहेत, आणि त्यांवर पावसाची एक सर पडली कीं ती नक्षी पाहण्यापेक्षां तिच्यावर उभें राहणें हेंच मोठें काम होतें. दुसऱ्याच दिवशीं आम्हीं त्या भूमीला साष्टांग नमस्कार घातला. एका बाईनें आम्हांस उठविलें, दुसरीनें सांडलेले बटाटे गोळा करून दिले, आणि दोघींनीं मिळून दगडांना शिव्या दिल्या. त्या शिव्यांत आम्हांस समजलेला एकच शब्द होता: बटाटा.

येथून आमचा खरा शोध सुरू झाला. घरमालकीणबाईंनीं पहिल्या दिवशीं किल्ली हातांत देतांना जो शब्द उच्चारला तो "शाव्" असा ऐकूं आला होता. पुढें तो लिहिलेला पाहिला आणि लक्षांत आलें कीं ही तर आपली चावी! पूर्वीं ते लोकहि तेथें "च"च म्हणत. पुढें त्यांच्या मुखांत त्याचा "श" झाला. जुना उच्चार त्यांच्या घरून गेला तो आमच्या घरीं शाबूत राहिला आहे. मग आम्हांस छंदच लागला. बाजारांत कोबी, अननस, काजू, घरांत बादली, शिवणाच्या दुकानांत फीत, गवंड्याच्या हातीं घमेलें, जुन्या सामानाच्या विक्रींत लिलाव, डिसेंबरांत नाताळ. थोडाबहुत उच्चार बदलून हे सगळे शब्द आम्हांस रस्तोरस्तीं भेटत, आणि दूरदेशीं अकस्मात् गांवचा माणूस भेटावा तसा आनंद होई. महिना संपला तेव्हां कचेरींतील खजिनदार पैसे देण्याविषयीं कांहीं बोलला आणि त्याच्या वाक्यांत "पगार" हा शब्द लख्ख ऐकूं आला. त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ "देणें, चुकतें करणें" एवढाच आहे. आम्ही मोठ्यानें हसलों. खजिनदार चकित झाला. अण्णांनीं आम्हांस ज्या शब्दानें टोचलें, तो शब्दहि फिरंग्याचाच निघाला! पण ही गंमत अण्णांना कळविण्याचें धैर्य मात्र आम्हांस झालें नाहीं.

रविवार हा आमचा स्वतःचा दिवस. प्रारंभीं आम्ही पिवळ्या ट्रामनें फिरत असूं. अठ्ठावीस क्रमांकाची ती एकडबी ट्राम इतक्या अरुंद गल्ल्यांतून जाते कीं पायीं चालणाऱ्यांना दारांच्या चौकटींत अंग चोरून उभें राहावें लागतें. पुढें समजलें कीं या शहराला चाकें नव्हे, पाय पाहिजेत. नदीकडचा सखल भाग तेवढा सरळ आहे; तेथील रस्ते काटकोनांत आखलेले आहेत, आणि त्या काटकोनांमागें एक भयंकर दिवस आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं सकाळीं, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, देवळें माणसांनीं भरलीं असतां भूकंप झाला; त्यामागून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग दिवसचे दिवस आग. पोंबाल नांवाच्या प्रधानानें राखेवर नवें शहर आखलें. भिंतींच्या आंत लांकडी सांगाडा पिंजऱ्यासारखा घालावयाचा, म्हणजे पुढच्या धक्क्याला घर डोलेल पण पडणार नाहीं, ही युक्ति त्या वेळची. टेंकडीवरचा कार्मूचा मठ मात्र अजून छपरावांचून उभा आहे. त्याच्या कमानींतून आकाश दिसतें. वसईच्या किल्ल्यांतील पडक्या देवळांत उभें राहिलें म्हणजे असेंच दिसतें. तेथें १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें तट फोडला होता. येथें धरणीनेंच तें काम केलें.

बेलेंला आम्ही जरा जपूनच गेलों. तेथील जेरोनिमूश मठाच्या देवळांत वास्को द गामाची समाधि आहे. १४९७ च्या जुलैंत तो याच कांठावरून निघाला आणि पुढच्या मे महिन्यांत कालिकतला पोहोंचला, हें आम्हीं चौथींत असतांना पाठ केलें होतें. पूर्वेकडच्या व्यापारावर जो कर बसविला त्याच्या पैशांतून हा मठ उभा राहिला. खांबांवर दगडांत दोरखंड, पोंवळीं आणि समुद्रांतील वनस्पति कोरल्या आहेत. त्या समाधीपुढें आपणांस काय वाटेल याची आम्हांस धास्ती होती. परंतु खरें सांगावयाचें तर कांहींच वाटलें नाहीं. दगडी माणूस हात जोडून निजला होता. शेजारीं एक शाळकरी मुलगा खांबावरचे दोर मोजीत होता, आणि त्याच्या आईला घाई झाली होती. बाहेर येऊन आम्हीं तेथील प्रसिद्ध दुकानांतल्या दुधासायींच्या गरम पुऱ्या दालचिनीची पूड पेरून खाल्ल्या. दालचिनीची चव जिभेवर आल्यावर मात्र एवढें मनांत आलें, कीं या एवढ्याशा भुकटीसाठीं केवढा हा सगळा खटाटोप!

मग शहराबाहेरचे रविवार आले. नावेनें दहा मिनिटांत पलीकडच्या कासील्यशच्या धक्क्यावर जावें, भाजलेले मासे खाणाऱ्यांची गर्दी पाहावी, आणि संध्याकाळच्या उन्हांत पैलतीरावरून आपलेंच गांव न्याहाळावें. सिंत्राच्या डोंगरांत धुकें आणि राजवाडे फार. पण आमच्या लक्षांत राहिली ती तेथील एका जुन्या बागेची गोष्ट. ती बाग हिंदुस्थानांत सुभेदारी केलेल्या जुआंव द काश्त्रूची. सोमनाथ पाटणचा तेराव्या शतकांतील एक संस्कृत शिलालेख जहाजांतून त्या बागेंत जाऊन पडला होता, आणि पंडितांनीं पुढें तो वाचून छापला तेव्हां त्याला नांवच "सिंत्रा-प्रशस्ति" असें पडलें. आपल्या देशांतला एक दगड परमुलखाच्या गांवाच्या नांवानें ओळखला जावा! तोहि बिचारा आमच्यासारखाच मुदतीवर गेला असेल. फक्त त्याची मुदत कोणी ठरविली नाहीं.

कश्कायश या समुद्रकांठच्या गांवीं जाणारी आगगाडी आमची सर्वांत आवडती. डाव्या हाताला सबंध वाट पाणीच पाणी. प्रथम नदी, मग नदी कोठें संपली आणि समुद्र कोठें लागला हें न कळतां समुद्र. या वाटेवरच काशियशचें स्टेशन आहे. गाडी तेथें थांबे. दारें उघडत. दोन-चार माणसें टोपल्या आणि छत्र्या घेऊन चौपाटीसाठीं उतरत. दारें मिटत. आम्ही खिडकीशीं बसून राहत असूं.

असें पांच वेळां झालें. पहिल्या वेळीं सोबत कचेरींतले लोक होते. दुसऱ्या वेळीं ऊन फार होतें. पुढें पुढें कारण शोधण्याचेंहि आम्हीं सोडून दिलें. खरें कारण आम्हांस ठाऊक होतें आणि तें कबूल करण्याची लाज वाटत होती. तें शहर आम्हांस आवडूं लागलें होतें. ज्या घरीं रोज आदरानें जेवूं घालतात, त्या घराचा जुना गुन्हा शोधावयास कोण जातो? अण्णांचा फोन येई तेव्हां ते हवापाण्याची चौकशी करीत. काशियशचें नांव त्यांनीं एकदांहि काढलें नाहीं, आणि त्यामुळेंच तें आम्हांस प्रत्येक वेळीं ऐकूं येई.

फेब्रुवारींतल्या एका पावसाळी दुपारीं आम्ही आडोशासाठीं थोरल्या देवळाजवळच्या एका इमारतींत शिरलों. तिच्या दारावरून आमची ट्राम रोज जात असे. ती इमारत म्हणजे आल्जूबचा तुरुंग. १९२८ पासून १९६५ पर्यंत सालाझारच्या राजवटींत राजकीय कैदी येथें ठेवीत. २०१५ पासून तेथें संग्रहालय आहे. आम्ही पाऊस थांबेपर्यंत म्हणून गेलों आणि दारें बंद होईपर्यंत राहिलों. माणसाला जेमतेम आडवें होतां येईल अशा काळोख्या कोठड्या, गुप्त पोलिसांचे कागद, आणि भिंतीवर ओळीनें कैद्यांच्या तसबिरी. समोरून एक, बाजूनें एक. कामगार, विद्यार्थी, छापखान्यांतले जुळारी, शिक्षक. सगळे पोर्तुगीज चेहरे; आमच्या कचेरींतल्या, ट्राममधल्या, पाववाल्याच्या दुकानांतल्या लोकांसारखेच. आमची समजूत होती कीं कोंडणारे एका बाजूस, कोंडलेले दुसऱ्या बाजूस, आणि मधली रेघ म्हणजे समुद्र. ती रेघ याच गल्लींतून, याच घरांतून गेली होती हें आम्हांस सहा महिने ट्राममध्यें बसून दिसलें नव्हतें. गोव्यांत ज्या सेनापतीनें व्यर्थ रक्तपात नको म्हणून शरणागति पत्करली, त्या वासालू इ सिल्वाला सालाझारनें पुढें सैन्यांतून काढून टाकलें, हेंहि आम्हांस पूर्वीं ठाऊक नव्हतें. शेवटचा माणूस पडेपर्यंत लढावें असा लिस्बनहून हुकूम होता.

एप्रिलच्या पहिल्या रविवारीं आम्ही काशियशला उतरलों. चौपाटीला लागूनच एक लहानसा जुना किल्ला दिसला. समुद्राकडे तोंड, बुरूज, तोफांच्या खिडक्या. हाच तो, असें समजून आम्ही त्याच्यापुढें पायांतले जोडे काढून उभे राहिलों. जवळच्या बांकावर बसलेला एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ हें पाहत होता. अखेर त्यानें विचारलें कीं आपण काय शोधतां? आम्हीं आमच्या मोडक्या पोर्तुगिजींत तुरुंग म्हणतांच त्यानें मान हलवून टेंकडीकडे बोट दाखविलें. हा नव्हे, तो वर आहे. आमची फजिती झाली. आम्ही भलत्याच देवाला नमस्कार केला होता.

वाट सांगतां सांगतां तो आमच्याबरोबर चालूंच लागला. वर चढणीला घरें आहेत, बागा आहेत, आणि मग भिंत. तेथें अजूनहि तुरुंग आहे; आंत जातां येत नाहीं. पांढुरकी उंच भिंत, वर तार, कोपऱ्यांत टेहळणीची चौकी. फाटकाबाहेर भेटीस आलेलीं माणसें पिशव्या घेऊन उभीं होतीं. पाहण्यासारखें कांहींच नव्हतें, आणि आम्ही पाहत राहिलों.

म्हाताऱ्यानें आम्हांस देश विचारला. हिंदुस्थान म्हटल्यावर त्यानें लगेच "गोवा?" असें विचारलें. नाहीं, पण शेजारचेच; आणि गोव्यासाठीं येथें कोंडलेल्या आमच्या एका माणसासाठीं आलों आहों, असें आम्हीं सांगितलें. तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, माझा थोरला भाऊहि येथें होता. २५ एप्रिल १९७४ ला सैन्यानें राजवट उलथली, लोकांनीं शिपायांच्या बंदुकांत तांबडीं फुलें खोंवलीं, हें आम्हीं वाचलें होतें. पण याच फाटकासमोर दुसऱ्या रात्रीं शेंकडों माणसें उभीं होतीं आणि मध्यरात्र उलटल्यावर कैदी बाहेर येऊं लागले, हें त्या रात्रीं त्या गर्दींत उभ्या असलेल्या माणसाकडून आम्हीं ऐकलें. भावाला त्यानें आवाजावरून ओळखलें, चेहऱ्यावरून नव्हे. आणि मग डोळे पुसून त्यानें खोडकर मुलासारखी आणखी एक गोष्ट सांगितली. १९६१ च्या ४ डिसेंबरला आठ कैदी खुद्द सालाझारच्या चिलखती मोटारींत बसून हेंच फाटक तोडून पळाले होते! आम्हीं बोटांवर मोजून सांगितलें कीं त्यानंतर पंधरा दिवसांनीं गोवा मुक्त झाला. या दोन गोष्टी एकाच महिन्यांतल्या आहेत हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि आम्हांसहि नव्हतें.

आमचा माणूस केव्हां सुटला तें त्यानें विचारलें. १९६९, आम्ही म्हणालों. त्यानें हिशेब केला. भाऊ आला तो १९७३ त. "मग भेट झाली नसावी," असें तो खेदानें म्हणाला. जणू झाली असती तर त्यालाहि बरें वाटलें असतें. निरोप घेतांना त्यानें खिशांतून कागद काढला आणि आमच्या माणसाचें नांव लिहून मागितलें. आम्हीं रोमन अक्षरांत "मोहन रानडे" असें लिहून दिलें. त्यानें तें दोनदां मोठ्यानें वाचलें, उच्चार बरोबर आहे ना तें विचारलें, आणि कागद घडी करून आंतल्या खिशांत ठेवला.

त्याच रात्रीं आम्हीं अण्णांना फोन केला. भिंत, चौकी, तार, फाटक, सगळें सांगितलें. चुकीच्या किल्ल्यापुढें जोडे काढल्याचेंहि सांगितलें. तेथें ते हसले. मग म्हाताऱ्याची हकीकत सांगितली. पलीकडे इतकी शांतता पसरली कीं फोन तुटला असें आम्हांस वाटलें.

"त्यांचेहि होते म्हणतोस तिथें?" अण्णा म्हणाले.

होते, असें आम्हीं सांगितलें. पुष्कळ होते.

"हं. आणि त्या भावाचें नांव काय?"

आम्ही गप्प झालों. आम्हीं विचारलें नव्हतें.

"त्यानें आपल्या माणसाचें नांव लिहून घेतलें," अण्णा सावकाश म्हणाले, "आणि तूं त्याच्या माणसाचें विचारलें नाहींस!"

पुढच्या रविवारीं आम्ही पुन्हां काशियशला उतरलों. समुद्र तसाच चकाकत होता. लहान किल्ल्याजवळच्या बांकावर कोणी नव्हतें. आम्ही त्यावर दुपारपर्यंत बसलों. कागद आणि लेखणी बरोबर घेतली होती. गाड्या आल्या, दारें उघडलीं, टोपल्या आणि छत्र्या घेतलेलीं माणसें उतरून वाळूकडे गेलीं. त्यांत तो दिसला नाहीं. त्यानंतरचा रविवार सामान बांधण्यांत गेला, आणि आमची मुदत संपली.